मुलींची पाळी आणि अंडाशयाच्या तक्रारी: नाशिकच्या आया आणि मुली वारंवार विचारतात ते प्रश्न

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की दवाखान्यात मुलींची गर्दी होते. वर्षभर ‘आधी अभ्यास, मग बघू’ म्हणत मागे टाकलेली तक्रार सुट्टीत बाहेर येते. कॉलेज रोडवरची आई हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि चेहऱ्यावर घोर घेऊन येते. पेठ-सुरगाण्याकडची मुलगी येते तेव्हा हिमोग्लोबिन सातवर आलेलं असतं आणि घरचे म्हणतात, ‘हिला जरा जास्तच जातं, बाकी काही नाही.’ पहिल्या मुलीला बहुतेक वेळा फक्त वाट बघायची असते. दुसरीला सहा महिने आधीच आणायला हवं होतं. या पानावरचे बरेच प्रश्न याच गोंधळातून आलेले आहेत. काही आयांनी विचारले, काही मुलींनी आईला बाहेर बसवून विचारले. उत्तरं त्या-त्या व्यक्तीलाच दिली आहेत.

मुलगी चौदा वर्षांची झाली, अजून पाळी आली नाही. थांबायचं की दाखवायचं?

आधी छातीची वाढ सुरू झाली आहे का ते बघा. बहुतेक मुलींना पहिली पाळी बाराव्या-तेराव्या वर्षी येते, पण दहा ते पंधरा हा सगळा काळ ठीकच मानतात. स्तनांची वाढ सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. त्यामुळे वाढ उशिरा सुरू झाली असेल तर पाळीही उशिरा येणार, त्यात बिघाड नाही. आईला किंवा मावशीला उशिरा आली होती का, हेही आम्ही विचारतो.

तेरा वर्षं पूर्ण होऊनही छातीची वाढच नसेल, पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी नसेल, किंवा वाढ सुरू होऊन तीन वर्षं लोटली असतील तर मात्र दाखवा. थायरॉइडपासून गुणसूत्रांच्या दोषापर्यंत कारणं अनेक असू शकतात. टर्नर सिंड्रोम साधारण दोन-अडीच हजार मुलींत एकीला असतो. त्यात उंची कमी राहते आणि अंडाशय काम करत नाहीत. तो लवकर कळला तर उंचीसाठीही उपचार करता येतात, उशीर झाला की ती संधी जाते.

आणखी एक प्रकार लक्षात ठेवा. मुलीची वाढ नीट झालेली आहे, पाळी नाही, पण दर महिन्याला चार-पाच दिवस ओटीपोटात दुखतं आणि कधी कधी लघवीच अडते. अशा वेळी पाळी आत सुरू झालेली असते, पण योनिमार्गाच्या तोंडाशी पडदा पूर्ण बंद असल्याने रक्त आत साठत जातं. छोट्या शस्त्रक्रियेने ही तक्रार सुटते. अशा मुलींना महिनोन्‌महिने जंताची आणि गॅसची औषधं दिली जातात, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

उलट टोकाला, आठ वर्षं पूर्ण व्हायच्या आत छातीची वाढ दिसली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पाळी सुरू होऊन दीड वर्ष झालं. कधी पंचवीस दिवसांनी येते, कधी बेचाळीस. हे चालेल का?

चालेल. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी आणि अंडाशय यांचा ताळमेळ बसत असतो. बऱ्याच महिन्यांत बीज तयारच होत नाही, त्यामुळे तारखा पुढे-मागे होतात. या वयात २१ ते ४५ दिवसांचं अंतर नेहमीचंच. तीन वर्षांनंतर ते २१ ते ३५ दिवसांत यायला हवं आणि वर्षभरात किमान आठ पाळ्या व्हायला हव्यात. पहिलं वर्ष उलटल्यावर एकदा जरी ९० दिवसांहून मोठी खंड पडली, तरी ती तपासायची.

अंतर मोजताना हमखास चूक होते. आया पाळी संपल्यापासून दिवस मोजतात आणि ‘वीस दिवसांत परत आली’ म्हणतात. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर गोल करून ठेवला तरी पुरे. मुलीला ते सगळ्यांदेखत नको असेल तर तिच्या मोबाइलमध्ये लिहू दे. सहा महिन्यांच्या तारखा हातात असल्या की निम्मं निदान तिथेच होतं. ‘अशीच येते हो कधीही’ एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही.

मुलगी चौदा वर्षांची आहे. सोनोग्राफीत ‘पीसीओडी’ लिहून आलंय. आता काय?

आता तो रिपोर्ट बाजूला ठेवा. हे मी जरा ठासून सांगते, कारण या एका कागदावरून घरात जेवढी रडारड होते तेवढी दुसऱ्या कशावरून होत नाही. पीसीओडी, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत पीसीओएस, हा संप्रेरकांचा बिघाड आहे, त्यात बीज वेळेवर तयार होत नाही आणि पाळी लांबते.

या वयातल्या निरोगी अंडाशयातही सोनोग्राफीत खूप बारीक-बारीक फुगे दिसतात. ते बीजांचे कोश असतात. लोक त्यांना ‘गाठी’ म्हणतात, पण त्या गाठी नसतात आणि त्या काढायच्याही नसतात. मोठ्या बाईच्या बाबतीत हे चित्र निदानाला मदत करतं. मुलींच्या बाबतीत ते फसवतं. म्हणूनच पीसीओएसवरच्या २०१८च्या आणि नंतर २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की पहिली पाळी येऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएसचं निदान करायचं नाही. रक्तातल्या एएमएच (बीजांच्या कोशांतून येणारं संप्रेरक) तपासणीवरूनही या वयात करायचं नाही. बाराव्या वर्षी पाळी आली असेल तर वीस वर्षांपर्यंत त्या रिपोर्टमधल्या ओळीला निदान म्हणून किंमत नाही.

मग निदान कशावरून? दोन गोष्टी एकत्र हव्यात. पाळी वयाच्या मानाने खरोखर अनियमित हवी, म्हणजे वर दिलेल्या दिवसांच्या बाहेर. आणि पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूण हवी: हनुवटीवर, ओठांवर, पोटावर जाड काळे केस, साध्या औषधांना न जुमानणारे मोठे मुरूम, किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त. यातली एकच असेल तर आम्ही ‘शक्यता आहे’ एवढंच लिहितो, तक्रारीवर उपचार देतो आणि पुन्हा तपासतो. त्याआधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि गरज वाटली तर अ‍ॅड्रिनल ग्रंथीची तपासणी करून दुसरी कारणं बाजूला काढावी लागतात.

ज्या मुलीची पाळी चाळीस दिवसांनी येते, चेहरा स्वच्छ आहे आणि तब्येत ठीक आहे, तिला चौदाव्या वर्षी पीसीओडीची फाइल काढून देणं मला पटत नाही. ती फाइल मग तिच्या आत्याला कळते, आणि आत्याला कळलं की मुलीच्या लग्नाची चर्चा चौदाव्या वर्षी सुरू होते.

आणि खरंच पीसीओएस असेल तर? पुढे मूल होईल ना?

बहुतेकींना होतं. काहींना बीज तयार होण्यासाठी गोळ्यांची मदत लागते आणि ते उपचार सहज मिळतात. मुलीसमोर ‘हिला मूल होणार नाही’ हे वाक्य कृपया कुणी उच्चारू नये, कारण ते खरंही नाही.

आज काळजी घ्यायची ती दुसऱ्या गोष्टींची. पीसीओएसमध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळपटपणा येतो. आया तो घासून काढायला बघतात, पण तो मळ नसतो. पुढे मधुमेहाचा धोका वाढतो, म्हणून साखर आणि रक्तदाब बघायचा. महिनोन्‌महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर नुसतंच जाड होत राहतं. ते तीन महिन्यांतून एकदा तरी बाहेर पडायला हवं, त्यासाठी गोळ्या देतात.

वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के कमी झालं तरी पाळीवर फरक दिसू शकतो. साठ किलोच्या मुलीला तीन ते सहा किलो. त्यासाठी उपाशी राहायची गरज नाही. रोज तासभर घाम येईल असं खेळणं, सायकल, गोदाकाठी भरभर चालणं, काहीही. जेवणात ज्वारी-बाजरीची किंवा नागलीची भाकरी, डाळ, उसळ, अंडं. मिसळ रविवारी खा, पण तर्रीबरोबर चार पाव आणि वर जिलबी असं रोज नको. आणि सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो, त्यांना ‘वजन कमी कर’ सांगणं साफ चुकीचं. जाडीवरून टोमणे मारल्याने कुणाचं वजन उतरलेलं मी पाहिलेलं नाही, मुलगी लपून खायला लागलेली मात्र पाहिली आहे. या मुलींमध्ये उदासी आणि चिंता जास्त आढळते, तेही विचारायला हवं.

एवढ्या लहान वयात हार्मोनच्या गोळ्या? गर्भाशय खराब होईल.

नाही होणार. गर्भनिरोधक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोळ्याच पाळी नियमित करायला, रक्तस्राव आणि दुखणं कमी करायला देतात. बंद केल्यावर त्यांचा परिणाम संपतो, पुढच्या गर्भधारणेला त्या आड येत नाहीत. पण घरात कुणाला पायाच्या नसेत रक्ताची गुठळी झाली असेल, किंवा मुलीला डोळ्यांपुढे चमकून मग अर्धशिशी होत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर गोळ्या आणू नका, आणि मध्येच सोडूही नका. मध्येच सोडल्या की अंगावर जायला लागतं आणि दोष गोळीला मिळतो.

ताई, माझं पोट इतकं दुखतं की पहिल्या दिवशी शाळेत जाताच येत नाही. आई म्हणते सगळ्यांचंच दुखतं. मी काय करू?

सगळ्यांचं थोडं दुखतं, हे खरं. पण शाळा बुडावी, उलट्या व्हाव्यात, लोळत पडावं इतकं दुखणं सहन करायची गरज नाही. आईला हे उत्तर वाचायला दे.

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं. त्याने गर्भाशय आवळतं आणि कळ येते. त्यामुळेच मळमळ आणि जुलाबही होतात. मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयब्युप्रोफेन हे द्रव्य तयार होणंच कमी करतं. म्हणून गोळी दुखणं असह्य झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो. पाळी सुरू होताच किंवा येणार असं वाटताच पहिली घ्यायची, आणि मग दीड-दोन दिवस ठरलेल्या वेळी घ्यायची. काहीतरी खाऊन घ्यायची. मात्रा तुझ्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून एकदा ठरवून घे. दमा, पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ही औषधं विचारल्याशिवाय नकोत. गरम पाण्याची पिशवीही खरोखर काम करते, ती आजीची समजूत नाही. व्यायामही.

दोन सावधगिऱ्या. नाशिकमध्ये पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूची साथ असते. अंगात ताप असताना पाळीची ही गोळी घेऊ नकोस, डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. तेव्हा पॅरासिटामॉल. आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड घेतल्यानंतर काही दिवसांनी अंगावर पुरळ, ताप, सूज आली तर गोळी थांबवून लगेच दाखव. ही रिअ‍ॅक्शन क्वचितच होते, पण गंभीर असते. भारतीय औषधकोश आयोगाने २०२३च्या अखेरीस तिच्याबद्दल इशारा दिला होता.

नीट गोळ्या आणि नंतर हार्मोनची औषधं तीन ते सहा महिने घेऊनही दुखणं कमी होत नसेल तर एंडोमेट्रिओसिस असू शकतो. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशीजाल गर्भाशयाबाहेर वाढतो. तो फक्त तिशीतल्या बायकांना होतो अशी समजूत आहे, ती बरोबर नाही. सोनोग्राफी साफ असली तरी तो असू शकतो. ‘लग्न झालं की थांबेल’ हे उत्तर कुणी दिलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

किती रक्त गेलं म्हणजे जास्त?

दिवसाला तीन ते सहा पॅड आणि सात दिवसांच्या आत पाळी संपणं, इथपर्यंत ठीक. दर एक-दोन तासांनी पॅड भिजत असेल, रात्री उठून बदलावं लागत असेल, कपडे-चादर खराब होत असतील, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडत असतील, किंवा सात दिवस उलटूनही थांबत नसेल, तर ते जास्त आहे. पॅड काही मुली पैसे वाचवायला कमी बदलतात, काही कपडा वापरतात, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

पहिल्या पाळीपासूनच खूप जात असेल तर दोष नेहमी हार्मोनचा नसतो, रक्त गोठण्याचाही असू शकतो. फॉन विलेब्रांड नावाचा आनुवंशिक आजार बऱ्याचदा पहिल्यांदा पाळीतूनच कळतो. लहानपणी घोणा फुटायचा का, दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला का, आईलाही असंच जायचं का, हे आठवून ठेवा. ‘आमच्या घरात सगळ्यांनाच जास्त जातं’ हे आई निश्चिंतपणे सांगते, पण डॉक्टरांसाठी तोच मोठा धागा असतो. अशा मुलीला अ‍ॅस्पिरिन आणि पाळीच्या दुखण्याच्या वरच्या गोळ्या विचारल्याशिवाय देऊ नका.

तासाला एक पॅड भिजतंय आणि असं दोन तासांहून जास्त चाललंय, चक्कर येतेय, ओठ पांढरे पडलेत, छातीत धडधडतंय, तर सकाळची वाट बघू नका. १०८ला फोन करा.

शाळेत निळ्या गोळ्या देतात. मुलगी म्हणते मळमळतं, नको. देऊ का?

द्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. निळी गोळी लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची, आठवड्यातून एक, आणि वर्षातून दोनदा जंताची. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, म्हणून जेवणानंतर द्या. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. चहा मात्र गोळीच्या आगेमागे तासभर नको. लिंबू पिळलेलं काहीही चालेल.

पण आठवड्याची गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून असते. हिमोग्लोबिन बाराच्या खाली आलं असेल तर रोज, डॉक्टरांच्या मात्रेत, किमान तीन महिने घ्यावी लागते. आठच्या खाली असेल तर दवाखान्यातच. आणि पाळीतून जास्त जातंय ते थांबवल्याशिवाय नुसत्या गोळ्यांनी रक्त टिकत नाही, कितीही बीट आणि खजूर खाऊ घाला.

सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या आदिवासी पट्ट्यातल्या मुलींची सिकलसेलची, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी एकदा करून घ्या. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची ही तपासणी होते. थेंबभर रक्तात कळतं. सिकलसेल असेल तर रक्त कमी असण्याचं कारण वेगळं असतं आणि लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच द्याव्या लागतात. काही मुलींना पाळीच्या दिवसांत सिकलसेलचं दुखणंही उठतं.

काल रात्री मुलीच्या पोटात उजव्या बाजूला अचानक जोरात दुखलं, उलट्या झाल्या. मग थोडं कमी झालं. सकाळी दाखवू का?

आत्ता निघा. हे उत्तर वाचून पूर्ण करायचीही गरज नाही.

अचानक, एका बाजूला, ओटीपोटात तीव्र कळ आणि सोबत उलट्या, म्हणजे अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. अंडाशय स्वतःभोवती फिरतं, त्याचा रक्तपुरवठा आवळला जातो. पीळ कधी थोडा सैल होतो, म्हणून दुखणं कमी-जास्त होतं, आणि घरचे फसतात. जितके तास जातील तितकं अंडाशय वाचण्याची शक्यता घटते. उजव्या बाजूला असेल तर अपेंडिक्स वाटतं, ते असलं तरी निघायचंच आहे. निघताना खायला-प्यायला देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते.

डॉपलर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला तरी पीळ नाही असं छातीठोक सांगता येत नाही, त्यामुळे अनुभवी सर्जन लक्षणांवर जाऊन दुर्बिणीतून बघतात. अंडाशय आत निळं-काळं दिसलं तरी पीळ सोडवून ते ठेवायचं, अशीच आता पद्धत आहे. असं काळवंडलेलं अंडाशयही पुढे बऱ्याचदा सावरतं. शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही करताना ‘अंडाशय वाचवता येईल तेवढं वाचवा’ असं स्वच्छ शब्दांत सांगा. घाबरलेल्या आईवडिलांना त्या क्षणी हे सुचत नाही, म्हणून आधीच वाचून ठेवा.

ओव्हरीत चार सेंटिमीटरची गाठ निघाली. ऑपरेशन लागेल?

बहुधा नाही. दर महिन्याला बीजाचा कोश दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढतोच. तो फुटला नाही तर पाण्याची पिशवी होते आणि ती दोन-तीन महिन्यांत विरते. आतमध्ये नुसतं पाणी आहे आणि आकार पाच सेंटिमीटरच्या आत आहे, तर पुन्हा सोनोग्राफी करून बघणं एवढंच काम. त्या काळात अचानक कळ आली तर वरचं उत्तर लागू.

डरमॉइड नावाची गाठ मात्र आपोआप जात नाही. तिच्यात केस, चरबी, कधी दातही असतात. हे ऐकून घरात जादूटोण्याची चर्चा सुरू होते. अंडाशयातल्या बीजपेशीपासून शरीरातली कुठलीही पेशी बनू शकते, म्हणून तिथे केस सापडतात, एवढीच ती गोष्ट. ती फक्त गाठ काढून अंडाशय राखता येतं. कर्करोग या वयात क्वचित असतो. गाठ घट्ट, मोठी किंवा वेगाने वाढणारी असेल तर रक्ताच्या काही खास तपासण्या करतात.

नवरात्रात गडावर जायचंय आणि नेमकी तेव्हाच तारीख आहे. पाळी पुढे ढकलायची गोळी देऊ का?

हा प्रश्न सप्तशृंगीच्या यात्रेला येतो, गौरी-गणपतीत येतो, आणि २०२७च्या सिंहस्थात तर फारच येणार आहे. नोरेथिस्टेरॉनची गोळी तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करतात, बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. एखाद्या वेळी, डॉक्टरांना विचारून घेतली तर बहुतेक निरोगी मुलींना त्रास होत नाही. पण मेडिकलमधून परस्पर आणून दर सणाला द्यायची ती गोष्ट नाही. ज्यांच्या घरात रक्ताच्या गुठळ्यांचा आजार आहे त्यांना ती धोक्याची ठरू शकते, आणि जिची पाळी आधीच अनियमित आहे तिच्या तारखांचा पुरता विचका होतो.

माझं मत विचाराल तर, मुलीला देवळात न्यावं की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न आहे, त्यासाठी तिला औषध देणं हा माझ्या कामाचा. आणि औषध देण्याइतकं हे कारण मला मोठं वाटत नाही. २०२२मध्ये त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत पाळी असलेल्या मुलीला झाड लावू दिलं नाही असा आरोप झाला आणि त्याची बातमी देशभर गेली. तेव्हा हळहळलेल्या कित्येक घरांत मुलगी अजून चार दिवस बाजूला बसते.

मी रोज सकाळ-संध्याकाळ धावायचा सराव करते. चार महिने पाळीच नाही. सर म्हणतात धावपटूंचं असंच असतं.

असं होतं, पण ते चांगलं नाही. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणल्यापासून आपल्या जिल्ह्यात कितीतरी मुली धावायला लागल्या, आणि धावावंच. पण जेवढी शक्ती खर्च होते तेवढं खाणं पोटात गेलं नाही की मेंदू पाळी बंद करतो. त्याबरोबर इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं ठिसूळ होतात. या वयात हाडं भरायची असतात, ती पुढे भरून निघत नाहीत. नडगीचं सारखं दुखणं, पायाच्या हाडाला बारीक चीर, ही त्याचीच लक्षणं. सराव थोडा कमी, खाणं बरंच जास्त: दूध, अंडी, शेंगदाणे, भाकरी. तीन महिने पाळी गेली की डॉक्टरांना दाखव, आणि ते काय म्हणाले ते सरांनाही सांग.

पांढरं जातं. अशक्तपणा त्यानेच येतो का?

नाही. पहिल्या पाळीच्या आधी काही महिने आणि नंतर पाळीच्या मधल्या दिवसांत पारदर्शक किंवा पांढुरकं जाणं नेहमीचं आहे. खाज, घाण वास, दह्यासारखं किंवा हिरवट असेल तरच औषध लागतं.

कपडा, पॅड की कप?

जे स्वच्छ ठेवता येईल ते. पॅड चार ते सहा तासांनी बदला, कमी भिजलं असलं तरी. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड एक रुपयाला मिळतं. सुती कपडा वाईट नाही, तो साडीखाली लपवून सावलीत वाळवणं वाईट. तो उन्हातच वाळवा. उन्हाळ्यात जिथे प्यायचं पाणी डोक्यावरून आणावं लागतं, त्या पाड्यांवर कपडा धुवायचा उपदेश करणं मला जड जातं. तिथे शाळेतून पॅड मिळण्याचा आग्रह गावाने धरायला हवा.

डॉक्टर आतून तपासतील का? आईला बाहेर का बसवतात?

लग्न न झालेल्या मुलीची आतून तपासणी सहसा करत नाहीत. पोटावरून सोनोग्राफी होते, त्यासाठी लघवी भरलेली लागते. काही मिनिटं आम्ही मुलीशी एकटीशी बोलतो, कारण काही गोष्टी आईसमोर निघत नाहीत: कुणी हात लावला का, जेवण बंद केलंय का, झोप लागते का. पाळी चुकलेल्या प्रत्येक मुलीची आम्ही लघवीची गर्भतपासणी करतो. त्यात संशय नसतो. ते न करता दिलेलं औषध चुकीचं ठरू शकतं, म्हणून सगळ्यांचीच करतो. आयांनी हे मनाला लावून घेऊ नये.

नाशिकमध्ये कुठे दाखवायचं?

जिल्हा शासकीय रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, स्त्रीरोग विभाग आहे. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथे मुलीला एकटीलाही बोलता येतं. नाशिकरोडकरांना बिटको, जुन्या नाशकातल्यांना महापालिकेचं झाकीर हुसेन रुग्णालय जवळ पडतं. आडगावला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, घोटीकडच्यांना धामणगावचं. तालुक्यात असाल तर ग्रामीण रुग्णालयापासून सुरुवात करा. आशाताईंना विचारलं तर कोणत्या दिवशी डॉक्टर मॅडम येतात ते त्या नेमकं सांगतात. नुसता सल्ला हवा असेल तर १०४ वर फोन लावा.

जाताना पाळीच्या तारखा, जुने रिपोर्ट आणि चालू असलेली सगळी औषधं बरोबर न्या. वजन उतरवायच्या पावडरी आणि वैद्यांच्या पुड्याही त्यात धरा. सोनोग्राफी सांगितलेली असेल तर पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि नंबर किती दूर आहे ते विचारूनच प्यायला सुरुवात करा, नाहीतर सिव्हिलच्या रांगेत मुलीचे हाल होतात.